आमेन होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही

आमच्या घरातली सगळी भांडणं डोळे मिटून आणि हात जोडून व्हायची. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. नालवाडीतल्या आमच्या गल्लीत तर आमची ख्यातीच होती, की ख्रिश्चनांचं घर बघा किती शांत, कधी आवाज नाही, आदळआपट नाही. शेजारच्या किराणा दुकानवाल्या काकू आपल्या सुनेला आमचं उदाहरण द्यायच्या. त्या काकूंना एकदा संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या बैठकीत आणून बसवायला हवं होतं.

सात वाजता घरची प्रार्थना असायची. आम्ही चौघं: आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ. सतरंजीवर गोल करून बसायचं. बाबा पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचे, एक गीत व्हायचं, आणि मग प्रत्येकानं पाळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. पाठ केलेली नव्हे, त्या दिवसाची, आपल्या मनातली. लहानापासून मोठ्यापर्यंत असा क्रम होता. म्हणजे भाऊ, मी, आई आणि शेवटी बाबा. नियम दोन होते. एकाची प्रार्थना चालू असताना, ती आमेनपर्यंत पोचेस्तोवर, दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. आणि प्रार्थनेत जे निघालं ते नंतर बाहेर काढायचं नाही, प्रार्थनेतलं प्रार्थनेतच ठेवायचं.

बाबांनी हे नियम फार उदात्त हेतूनं केले होते. माणसानं देवापाशी निर्धास्तपणे मन मोकळं करावं, घरच्यांनी त्यावरून त्याला टोचू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. आईनं पहिल्याच आठवड्यात त्यातली सोय ओळखली. जगात बायकोचं बोलणं नवऱ्यानं मध्ये न तोडता, हात जोडून, मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकावं अशी जागा तिला आयतीच मिळाली होती.

"हे प्रभू," आई सुरू करायची, "आजच्या दिवसाबद्दल तुले धन्यवाद. अन्न देल्लं, वस्त्र देल्लं, त्याबद्दल बी धन्यवाद. आन प्रभू, या घरात एक मानूस हाय, शिकलेला हाय, दुसऱ्याच्या लेकराईले शिस्त लावते, पन आंघोय झाली का ओला पंचा पलंगावर टाकते. त्याले तू सद्बुद्धी दे. मी सांगून थकली."

बाबा हायस्कूलात मराठी शिकवायचे आणि चर्चच्या कमिटीत होते, त्यामुळे त्यांची प्रार्थना अगदी व्यासपीठावरची असायची. हे सार्वकालिक, सर्वसमर्थ, परमदयाळू स्वर्गीय पित्या, इथून सुरुवात. मग जगातले राजे आणि राज्यकर्ते, मग दिल्ली, मग मुंबई, मग नागपूर. वर्धा स्टेशनाला पोचेपर्यंत वरणावर साय धरलेली असायची. पंच्याचा विषय निघाला की मात्र ते नागपूरच्या अलीकडेच उतरत. "आणि हे प्रभो, ज्यांच्या जिव्हेला तू धार दिली आहेस, त्यांना संयमाचंही दान दे." आई डोळे मिटून दात खायची. मला ते दिसायचं, कारण मी एक डोळा उघडा ठेवायची. तिला उत्तर द्यायला दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबावं लागे, आणि तिला थांबायला अजिबात आवडत नसे.

ही पद्धत घरापुरती राहिली असती तर ठीक होतं. एकदा चर्चचे पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले. चहापोहे झाले, आणि रीतीप्रमाणे त्यांनी आईला प्रार्थना करायला सांगितलं. आईनं त्यांच्या देखत देवाला कळवलं की रविवारचा संदेश लांबतो, बायकांचा भात चुलीवर गिचका होतो, लहान लेकरं भुकेनं रडतात, तरी आपल्या सेवकाला तू थोडक्यात पुष्कळ सांगायची कृपा दे. पाळकसाहेबांनी सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं. पुढच्या रविवारी संदेश आटोपशीर झाला. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा पहिल्यासारखा, पण आईनं आपलं काम केलं होतं.

आई आंजी गावची. घराच्या पडवीत ती शिवणाचा क्लास चालवायची. चारपाच पोरी, दोन मशिनी, आणि भिंतीला टेकून कापडाचे तुकडे. नाताळ जवळ आला की चर्चच्या अख्ख्या मंडळीचे कपडे तिच्याकडे यायचे. गायनाच्या पोरींचे एकसारखे ड्रेस, म्हाताऱ्यांचे झब्बे, कुणाच्या बाळाचं अंगडं. भारनियमनाची ती वर्षं होती. वीज संध्याकाळी हटकून जायची, आणि आमची प्रार्थना चार्जिंगच्या दिव्याच्या पांढऱ्या उजेडात चालायची. आईच्या बोटाला तेव्हा सुईची टोचणी असायची आणि तोंडात सगळ्या मंडळीची मापं.

अशाच एका नाताळाआधीची संध्याकाळ. आईची प्रार्थना नेहमीसारखी चालू होती. पंचा झाला, नळाची वेळ बदलली ते झालं, क्लासमधल्या एका पोरीनं कापडाच्या कात्रीनं कागद कापला ते झालं. आणि त्याच आवाजात, त्याच ओघात आई म्हणाली, "आन प्रभू, मी ब्लाउजचं माप घेऊन राह्यलती, तं डाव्या बाजूले काखेपाशी एक गाठ हाताले लागली. सुपारीएवढी हाय. दुखत नाई. तुले मालूमच असन. तेवढं पाहून घेजो. आन या पोराचे बूट फाटले, त्याच्यावरबी लक्ष असू दे. येशूच्या नावानं मागतो. आमेन."

मी दोन्ही डोळे उघडले. भावानंही उघडले होते. बाबांचे मिटलेलेच होते. त्यांनी घसा खाकरला आणि जगातल्या राजांपासून सुरुवात केली.

प्रार्थना संपली, सतरंजी गुंडाळली, ताटं वाढली. आणि आमचा तो उदात्त नियम आमच्याच गळ्यात येऊन अडकला. प्रार्थनेतलं बाहेर काढायचं नाही. आई भाकरी थापत होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"आई."

"काय?"

तिनं वळून माझ्याकडे रोखून पाहिलं. "मीठ दे," मी म्हटलं.

मीठ माझ्या हाताशीच होतं.

आंजीला माझी मोठी मावशी अशाच एका गाठीनं गेली होती. ती गाठ तिनं कुणाला सांगितली नव्हती, आणि सांगितली तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे त्या रात्री ताटातली भाकरी कुणी मोडत नव्हतं, आणि तरी सगळे ती कशी मऊ झाली याबद्दल बोलत होते. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. आई मरेल, आणि नियम मोडला नाही म्हणून मरेल, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सातपर्यंत मी कशीबशी कळ काढली. भावाची प्रार्थना एरवी दोन वाक्यांची असायची, एक धन्यवादाचं आणि एक परीक्षेचं. त्या दिवशी त्यानं डोळे घट्ट मिटले आणि म्हणाला, "प्रभू, सोमवारी त्या मोठ्या दवाखान्यात ओपीडी असते. सकाळी आठला कार्ड काढावं लागतं, नाहीतर गर्दी होते. माझ्या मित्राचा भाऊ तिथंच डॉक्टरी शिकतो. हे तू संबंधितांना कळव. आमेन."

मग मी. मी जरा वळण घेतलं. ज्यांच्या अंगावर अशी काही गाठ आहे आणि जे ती लपवून ठेवतात, त्यांना तू धैर्य दे, त्यांच्या मुलीला काळजीनं झोप येत नाही, वगैरे.

आता आईची पाळी. "प्रभू," ती म्हणाली, "या पोराले ओपीडीचा टाइम मालूम हाय, पन परीक्षेचा मालूम नाई. त्याले तू अभ्यासाचं पाहाले लाव. आन माह्या पोरीले झोप येत नाई म्हन्ते, पन सकाळी मीच तिले हलवून उठवतो. नाताळ तोंडावर आला. गायनाच्या पोरीईचे ड्रेस कटिंग करून पडले. कपडे काय तू येऊन शिवशीन? नाताळ होऊ दे, मंग पाहू. आमेन."

यानंतर खरी आशा बाबांवर होती. त्यांची पाळी शेवटची, त्यांना कुणी उलट बोलू शकत नव्हतं. शिवाय धीर देणं हा त्यांचा जोडधंदाच होता, बिनपगारी. मंडळीत कुणी आजारी पडलं की बाबा सायकल काढायचे, जाऊन खाटेपाशी बसायचे, आणि विश्वासणाऱ्याला भय नसतं यावर इतकं सुंदर बोलायचे की आजारी माणूस उठून बसायचा. काही जण तर ते दारात दिसले की घाबरायचेही, आपली वेळ जवळ आली असं समजून. असा हा माणूस घरच्या सतरंजीवर बसून आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी प्रार्थना करत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बेटांवरचे लोक घेतले. तिसऱ्या दिवशी समुद्रावर प्रवास करणारे. नालवाडीच्या जवळपास ते फिरकेनात.

मला बाबांचा फार राग आला. मी माझ्या प्रार्थनेत देवाला म्हटलंही, की काही लोक दुसऱ्याच्या दारात सिंह असतात, त्यांना स्वतःच्या घरातही तसं होऊ दे. बाबांनी त्या दिवशी हिमालयातल्या सैनिकांसाठी फार वेळ प्रार्थना केली.

असा आमचा वाद नाताळापर्यंत रंगला. भाऊ देवाला ओपीडीच्या वेळा सांगायचा, मी देवाला टोमणे मारायची, आणि आई देवाला आमचं उत्तर द्यायची. दिवसभर मात्र घरात करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि शिवणाची मशीन. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की या घराला कसलीच चिंता नाही. नाताळ झाला. गायनाच्या पोरी नव्या ड्रेसमध्ये झकास दिसल्या. आईनं स्वतःचा ब्लाउज शिवलाच नव्हता, ती जुन्याच साडीत आली. आमच्याखेरीज कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

नाताळ झाल्यावर आई म्हणाली, म्हणजे देवाला म्हणाली, की नवं वर्ष होऊ दे. नवं वर्ष झालं. मग तिनं सांगितलं की क्लासच्या पोरींची परीक्षा आहे. आता ती डाव्या हातानं बादली उचलत नव्हती, मशिनीवर बसताना हात अंगाशी धरून बसायची. एक दिवस मी तिला पडवीत एकटीला पाहिलं. मशीन बंद होती, कापड सुईखाली तसंच होतं, आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. मला पाहून तिनं लगेच पाय हलवला आणि मशीन सुरू केली. दोरा ओवलेला नव्हता.

त्याच संध्याकाळी वीज नेहमीप्रमाणे गेली. चार्जिंगचा दिवाही नीट चार्ज झाला नव्हता, तो मिणमिणत होता. भाऊ बोलला, मी बोलले, आईनं क्लासच्या परीक्षेचं सांगितलं. बाबांनी सुरुवात केली. "हे सार्वकालिक, सर्वसमर्थ..."

आणि ते थांबले.

आम्ही वाट पाहिली. बाबा कधी शब्दाला अडलेले आम्हाला माहीत नव्हते. ते हिंगणघाटाकडच्या एका खेड्यातून आलेले, पण घरात आम्ही 'मले' म्हटलं तरी 'मला' असं सुधारायचे. आईला मात्र ते कधी सुधारू शकले नाहीत. प्रार्थनेत तर त्यांच्या तोंडी घरची बोली आम्ही कधीच ऐकली नव्हती.

"देवा," बाबा म्हणाले, "मले भेव लागून राह्यलं."

माझे डोळे आपोआप उघडले.

"मी लोकाईच्या घरी जातो, धीर देतो. माह्यापाशी एवढासा बी नाई. हिले काई झालं तं मी काय करू? मले या घरात साखरीचा डबा कोनता ते मालूम नाई. हिची मशीन वाजली नाई तं मले पेपर बी वाचता येत नाई. मी हिले सांगतो सांगतो म्हन्तो, पन माह्या तोंडातून निंघतच नाई. म्हनून मी रोज दूर दूर जाऊन राह्यलो, आफ्रिकेत अन कुठं कुठं. तूच सांग हिले. माह्यानं सांगितल्या जात नाई. मले निरा..."

"जाऊ आपन दवाखान्यात," आई म्हणाली.

आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी प्रार्थना मध्ये तोडली होती. बाबांनी डोळे उघडले नाहीत. "अजून माह्यं संपलं नाई," ते हळूच म्हणाले.

"त्याले समजलं," आई म्हणाली. "मले बी समजलं. सोमवारी जाऊ. आता आमेन म्हना, भात गार होऊन राह्यला."

बाबांनी आमेन म्हटलं. मग ते उठून बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून बसले. भाऊ आणि मी एकमेकांकडे बघून हसायला लागलो, आणि हसता हसता मला रडू आलं. त्या क्षणी मला बाबा जितके आवडले तितके चर्चच्या व्यासपीठावर कधी आवडले नव्हते.

सोमवारी आम्ही चौघंही गेलो. तपासणी झाली, सुई टोचून गाठीतलं थोडं तपासायला काढून नेलं, आणि काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. गाठ वाईट होती. पण वेळ अजून गेलेली नव्हती, ऑपरेशन करावं लागेल, पुढे इंजेक्शनं घ्यावी लागतील. मग त्यांनी चष्मा काढला आणि जरा रागावूनच विचारलं, "नाताळाआधी लागली म्हणता गाठ. इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

"प्रार्थना करत होतो," बाबा खरं तेच म्हणाले.

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. औषध सोडून देवावर हवाला ठेवणारं हे एक कुटुंब, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं. आता त्यांना कसं सांगायचं, की बाई, त्या प्रार्थनेतच आमचं दवाखान्यात यायचं भांडण चालू होतं? भावानं तोंड उघडलं होतं, मी त्याच्या पायावर पाय दिला. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पाच मिनिटं विज्ञान समजावून सांगितलं. आम्ही चौघांनी माना खाली घालून, मध्ये न बोलता ते ऐकलं. त्याची आम्हाला सवय होती.

आईला बायकांच्या वॉर्डात भरती केलं. शेजारच्या खाटेवर अल्लीपूरच्या एक मुख्याध्यापिका होत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या. बौद्ध घरच्या, आईच्याच वयाच्या, आणि त्याच ऑपरेशनसाठी आलेल्या. नवरा आणि मुलगा रोज गावाहून यायचे, आणि बाई त्या दोघांना शाळेतल्या पोरांसारखं समोर उभं करून कामं सांगायच्या. सिस्टरही त्यांना जरा दबकून असायच्या. संध्याकाळी आमची प्रार्थना आईच्या खाटेभोवती हळू आवाजात चालायची. बाई पडल्या पडल्या छताकडे बघत सगळं ऐकायच्या. आईनं देवाला सांगितलं की इथली आमटी नुसतं पाणी आहे, आणि सकाळची ती ठेंगणी सिस्टर सुई फार जोरात खुपसते. दुसऱ्या दिवशी बाईंनी गालात हसत विचारलं, "काऊन जी, तुमच्या घरी भांडन बी डोये मिटूनच होते का?"

"तसंच होते," आईनं कबूल केलं. "देवाले सांगितलं का मन हलकं होते."

"आमच्याइकडं तशी पद्धत नाई," बाई म्हणाल्या. "आमी सरळ मानसालेच सांगतो."

"मानूस आयकते का?"

"नाई आयकलं तं आयकाले लावाचं. मी हेडमास्तरीन हाओ."

दोघींची गट्टी जमली ती अशी. दिवसभर त्या शाळेतल्या आणि क्लासमधल्या पोरींच्या गोष्टी करायच्या, आणि आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका उशा टेकून ऐकायच्या. दोघींपैकी एकीलाही भीती वाटत असेल असं बघणाऱ्याला वाटलं नसतं.

ऑपरेशन दोघींचं एकाच सकाळी होतं. हिरवे झगे घालून दोघी आपापल्या खाटेवर बसल्या होत्या, केसांना टोपी, हातातल्या बांगड्या काढलेल्या. बाबा आणि मी आईपाशी. बाईंचा नवरा आणि मुलगा खाली औषधं आणायला गेले होते. वॉर्डात नेहमीचा गलका होता. बाईंनी एकदम आईकडे तोंड वळवलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "मले भेव लागून राह्यलं."

शाळा गाजवणारी बाई, आणि तिचा आवाज एवढासा झालेला. आईनं हे ऐकलं आणि सवयीनं तिचे डोळे मिटले गेले, हात जुळले. "हे प्रभू..." तिनं सुरू केलं.

"डोये उघडा," बाई म्हणाल्या. "मी इथं हाओ. माह्याइकडं पाहा."

आईनं डोळे उघडले. माझ्या आयुष्यात मी आईला कधी कुणापुढं हरलेली पाहिली नव्हती. नळावर नाही, बाजारात नाही, पाळकसाहेबांपुढं नाही. तिनं जुळवलेले हात सोडले आणि बाईंकडे पाहिलं.

"मले बी," आई म्हणाली. "मले बी लई भेव लागते जी. माही बहीन याच्यातच गेलती."

एवढे दिवस आई देवाला गाठीबद्दल सांगत होती. सुपारीएवढी आहे, दुखत नाही, हेही सांगत होती. पण भीती वाटते हे तिनं देवालाही सांगितलं नव्हतं आणि आम्हालाही नाही. आज पहिल्यांदा ते तिच्या तोंडून निघालं, आणि तेही अल्लीपूरच्या बाईंपुढं. बाबांनी माझा खांदा धरला.

आई खाटेवरून उतरली आणि बाईंच्या शेजारी जाऊन बसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग आईनं डोळे उघडे ठेवून, बाईंच्या तोंडाकडे बघतच, प्रार्थना केली. तिनं एवढीशी प्रार्थना कधी केली नव्हती. "प्रभू, आमी दोघी बी भेलो. तू मरनाच्या आत जाऊन वापस आलता, तुले तिथली वाट मालूम हाय. आमच्या संगं राह्यजो. आमेन."

बाईंनी आमेन म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "चाला मंग."

आईला न्यायला वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. आई म्हणाली, पाय धड आहेत, चालत येते. तो म्हणाला, नियम नाही. आई म्हणाली, आमच्या घरचेही नियम असेच होते. शेवटी ती चालतच गेली, आणि तो रिकामं स्ट्रेचर ढकलत तिच्या मागून. मी दारापर्यंत तिचा हात धरला होता, आणि तो बर्फासारखा गार होता. भीती तिला तेव्हाही होती. लहानपणापासून मी बाबांचं ऐकून समजत होते की विश्वास असला की भीती जाते. आपली गेली नाही म्हणजे आपला विश्वास खोटा, असं मला त्या दिवसांत कितीदा वाटलं होतं. आईचा गार हात हातात घेऊन चालताना मला ते वाटलं नाही. ती घाबरलेली होती आणि तरी देवाच्या भरवशावर चालली होती, हे मी डोळ्यांनी पाहत होते. मला तेवढं पुरलं, आणि अजूनही पुरतं.

दोघीही परत आल्या. बाई आधी शुद्धीवर आल्या आणि त्यांनी आमच्या आईची चौकशी करायला सिस्टरला दोनदा पिटाळलं. पुढची इंजेक्शनं फार वाईट होती. आईचे केस गेले. तिनं शिवणाच्या कापडातून डोक्याला बांधायचे रुमाल शिवले, प्रत्येक साडीवर जुळणारा वेगळा, आणि अल्लीपूरला बाईंना पाठवून दिले. बाबा साखरेचा डबा शोधायला शिकले आणि मग चहाही करायला शिकले. तो चहा आम्ही सगळे देवाचं नाव घेऊन प्यायचो. आई आजही शिवते, चष्मा नाकावर ठेवून, आणि आजही तिला कुणाचं कटिंग पसंत पडत नाही.

पण मला सांगायची आहे ती इंजेक्शनं संपल्यानंतरच्या पहिल्या तपासणीची गोष्ट. आदल्या संध्याकाळी सातला आम्ही सतरंजीवर बसलो. वाचन झालं, गीत झालं. भावानं डोळे मिटले, हात जोडले. मीही मिटले, या वेळी दोन्ही.

"थांबा," आई म्हणाली. "डोये उघडा सगळे."

आम्ही उघडले. आईचे केस तेव्हा नुकतेच उगवले होते, लहान लेकरासारखे. ती एकेकाकडे बघत होती, आणि तिला बोलायला जड जात होतं हे दिसत होतं.

"देवाले मी मागून सांगतो. पयले तुमाले सांगतो," ती म्हणाली. "उद्या रिपोर्ट हाय. मले भेव लागून राह्यलं."

डोळे उघडे ठेवून आमच्या घरात असं कुणी बोललं नव्हतं. बाबा सरकून तिच्या जवळ बसले. भावानं नाक ओढलं. मग क्रमानं त्याचीच पाळी पहिली असल्यामुळे त्यानं बिचाऱ्यानं विचारलं, "मग आता मी देवाला काय सांगू?"

"त्याले धन्यवाद म्हन," आई म्हणाली. "बाकी तं तुमी आयकलंच."